एकवीस नावांचा कागद

कोणत्याही नव्या जागेत पाऊल टाकले की हसुराम कोळी आधी नळ उघडून पाहत. खिडकीतून दिसणारा देखावा, भिंतींचा रंग, लिफ्टचे चकचकीत दार, यांपैकी कशाकडेही त्यांचे लक्ष जात नसे. जागा दाखवणारा दलाल हात पसरून हॉलची लांबी-रुंदी सांगत असे आणि हसुरामभाऊ मागच्या मोरीत उभे राहून पाण्याच्या धारेखाली करंगळी धरून बघत. मग नळ घट्ट बंद करून, हात रुमालाला पुसत बाहेर येत आणि विचारीत, "हे टाकीचं हाय का लाइनीचं?" दलालाला बहुधा ते ठाऊक नसे. "मग इचारून सांगा," असे म्हणून भाऊ खालच्या मजल्याकडे वळत. लिफ्ट असली तरी उतरताना जिन्याने, पायऱ्या मोजत.

आमची पेढी परदेशातून जहाजाने आलेला माल बंदरातून सोडवून देण्याचे काम करी. मशीद बंदरच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या होत्या आणि त्या तीन खोल्यांत आम्ही बावीस माणसे बसत होतो. मी टंकलेखिका. माझे टेबल दाराच्या इतके जवळ होते की दार उघडले की खुर्ची पुढे ओढावी लागे. हसुरामभाऊ आमचे हेडक्लार्क. वय चौपन्नच्या घरात, अंगाने काटक, केस पांढरे आणि बारीक कापलेले. शर्टाच्या खिशात एक घडी घातलेला कागद कायम असे. त्यावर महिन्याभरच्या भरती-ओहोटीच्या वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेल्या असत.

ते राहत उरणजवळ मोऱ्याला. रोज सकाळी मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच पकडून समुद्रातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला उतरत आणि तिथून पायी कचेरीत येत. ओहोटीच्या वेळी मोऱ्याच्या धक्क्याला पाणी राहत नाही, नुसता चिखल उरतो, आणि लाँच लागू शकत नाही. त्यामुळे महिन्यातले काही दिवस त्यांना उशीर होई. हे त्यांनी कधी तोंडी सांगितले नाही. हजेरीपटात शेऱ्याच्या रकान्यात ते स्वतःच्या सुंदर अक्षरात ओहोटीसाठीचा कोळ्यांचा एकच शब्द लिहीत, 'सुकती'. इतरांच्या नावांपुढे 'आजारी', 'रजा', 'गाडी उशिरा' असले मानवी शेरे. हसुरामभाऊंच्या नावापुढे मात्र समुद्र हजेरी लावून गेलेला असे. एकदा तपासणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याने त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" आमचे मालक जयंतीभाई म्हणाले, "साहेब, तो चंद्राचा प्रश्न आहे. त्यात माझं काही चालत नाही."

नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. बंदराचे बरेचसे काम हळूहळू खाडीपलीकडे न्हावाशेव्याला गेले आणि आमची अर्धी माणसे दिवसभर रस्त्यावर राहू लागली. धंदा वाढत होता. फायली आधी पोटमाळ्यावर गेल्या, मग जिन्यात आल्या, शेवटी संडासाच्या दाराशी रचल्या गेल्या. एके दिवशी त्यातला एक गठ्ठा ओला झाला आणि जयंतीभाईंनी सर्वांना बोलावून जाहीर केले की आपण नव्या मुंबईत जागा घेणार.

"हसुराम, तू बघ जागा," ते म्हणाले. "तुझाच मुलूख आहे."

बाहेर आल्यावर डॉक्युमेंटच्या टेबलावरचे देसाई मोठ्याने म्हणाले, "चला मंडळी, बॅगा भरा. ऑफिस मोऱ्याच्या धक्क्यावर! हसूभाऊ बनियनवर कामाला येणार आणि आपण परळहून होडीनं."

सगळे हसले. देसाईंची जीभ तशीच होती, तिच्यात विष नसे. हसुरामभाऊही हसले. पण ते जाग्यावर येऊन बसले तेव्हा त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. बराच वेळ ते एकाच कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले.

पुढचे चार महिने जागा पाहण्यात गेले. मोजमापे आणि शेरे लिहून घेण्यासाठी ते कधीकधी मला बरोबर नेत. मी तेव्हा नुकतीच कोपरखैरण्याला राहायला आले होते, त्यामुळे मला परत मुंबईला जावे लागत नसे, हेही त्यांनी ध्यानात घेतले असावे. पहिली जागा तुर्भ्याला होती. तळमजला, ऐसपैस, समोर ट्रक उभा करण्याएवढे आवार. दलाल एक तरुण पंजाबी गृहस्थ होते, फार उत्साही. हसुरामभाऊंनी नळ पाहिला आणि मग भिंतीच्या पायथ्याशी उकिडवे बसून रंगाचा एक पोपडा नखाने उचकटला. आतून पांढरी, दाणेदार भुकटी गळाली. त्यांनी ती जिभेला लावली.

"क्या कर रहे हो, अंकल?" दलाल घाबरून म्हणाले.

"मीठ हाय," भाऊ उठत म्हणाले. "ह्या बाजूला खाडीचा फाटा होता. मामाबरोबर मी हितं जाळं टाकलेलं हाय. उधानाच्या दिवशी पानी वर येनार, आनि खालच्या फायली पहिल्या जानार."

"अभी तो सब भराव हो गया है."

"भराव तुमी केला. पान्याला कोनी इचारलं?"

दलालांना ते कळले नाही आणि भाऊंनी समजावलेही नाही. मला मात्र त्यांनी वहीत लिहायला सांगितले : 'तुर्भे. प्रशस्त. खारे.'

दुसरी जागा बेलापूरची. सरकारी कचेऱ्यांच्या मागे नव्याने झालेली सहा मजली इमारत, त्यातला तिसरा मजला. ही जागा मला आत शिरताक्षणीच आवडली. तीन बाजूंनी उजेड, समोर टेकडी, बंदराकडे जाणारा रस्ता हाकेच्या अंतरावर. आमच्या तीन खोल्यांच्या तिप्पट जागा होती. नळाला भक्कम धार होती आणि ती टाकीची आहे हे इथल्या दलालाला माहीत होते. भाऊंचा चेहरा प्रथमच जरा सैल झाला. मग त्यांनी विचारले, "बायकांचा संडास कुठला?"

"कॉमन आहे ना, साहेब."

"कॉमन म्हंजे कोनाचा?"

"म्हणजे सगळ्यांचाच."

"सगळ्यांचा म्हंजे पुरुषांचा," भाऊ म्हणाले. "आमच्याकडं पाच बाया हायेत. मशीद बंदरला त्या दिवसभर पानी पीत नाईत. का पीत नाईत, ते तुमाला सांगायला पायजे का?"

मी खाली पाहिले. सात वर्षांत त्या गोष्टीचा उच्चार आम्ही पाचजणींनी कचेरीत कधी केला नव्हता आणि ती कुणा पुरुषाच्या ध्यानात आली असेल, असेही मला वाटले नव्हते. भाऊंनी बिल्डरला तीन पत्रे लिहिली, मीच टंकलेली. महिन्याभरात बेलापूरच्या त्या मजल्यावर विटांची भिंत घालून वेगळा संडास बांधला गेला. भाऊ स्वतः जाऊन त्याच्या दाराची कडी आतून लावून पाहून आले.

तिसरी जागा वाशीची. रेल्वे स्टेशनपासून थोड्या अंतरावर, दुकानांच्या वर, चौथा मजला. जागा बेलापूरहून बरीच लहान, उजेड एकाच बाजूने, पाणी दिवसातून दोन वेळा. पण संडास वेगळे होते आणि मुंबईकडून येणाऱ्याला वाशी आधी लागते. बेलापूर तिथून आणखी सतरा मिनिटे पुढे.

या दोन जागांत निवड करायची होती, आणि ती करण्याची हसुरामभाऊंची पद्धत मी अन्यत्र कुठे पाहिली नाही. त्यांनी प्रत्येक माणसाला बोलावून विचारले की तू घरातून कधी निघतोस, कुठे गाडी बदलतोस, किती चालतोस. सांगणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता असे नाही, पण ते प्रत्येकाचा मार्ग स्वतः चालून पाहत. डोंबिवलीचा सावंत शिपाई, परळचे देसाई, कुर्ल्याच्या फर्नांडिसबाई, सगळ्यांच्या घराच्या दारापासून वाशीपर्यंत आणि बेलापूरपर्यंत. रविवारी गर्दी नसते, म्हणून त्यांनी त्यासाठी रजा टाकल्या. सकाळी साडेसातला सावंतच्या चाळीखाली उभे असलेले हसुरामभाऊ पाहून सावंतच्या बायकोला वाटले, कुणीतरी गेल्याची बातमी घेऊन आले.

वाशी स्टेशनपासून इमारतीपर्यंतचे अंतर त्यांनी मला बरोबर घेऊन मोजले.

"कर्णिकबाई, रोजच्या चपला घातल्यात ना? मग चला. माझ्या पावलानं नाय, तुमच्या पावलानं."

हातात पर्स, खांद्यावर डब्याची पिशवी, असे मी चालू लागले. ते मागून घड्याळ धरून येत होते. मला इतका संकोच वाटला की मी भरभर चालले. इमारतीच्या दारात ते म्हणाले, "हे खोटं झालं. परत चला." आम्ही स्टेशनवर परत गेलो आणि पुन्हा चाललो. अकरा मिनिटे. त्यांनी लिहून घेतले.

त्या चालण्यातच कधीतरी मी विचारले होते, "तुमच्या घरी कोण कोण असतं, भाऊ?"

"आय हाय. बायको गेली, पोरी लग्न होऊन गेल्या." मग थोड्या वेळाने, मी न विचारताच, ते म्हणाले, "आयला आता ध्यानात ऱ्हात नाय काय. पन सांज झाली का धक्क्यावर जाऊन बसते. पयला बापाची होडी यायची, मग माझी लाँच. मानूस समुद्रातून येतो, येवढं तिला पक्कं म्हाईत हाय. मी उतरलो का हात धरून घरी आनतो. तोवर ती उठत नाय."

मी फक्त हुंकार दिला. घरातल्या गोष्टी बोलणाऱ्यांतले ते नव्हते आणि ऐकल्यावर काय बोलावे हे कळणाऱ्यांतली मी नव्हते.

मग तो कागद तयार झाला. उभ्या रकान्यात कर्मचाऱ्यांची नावे. पुढे दोन रकाने, वाशी आणि बेलापूर. प्रत्येकात दारापासून दारापर्यंतची मिनिटे. त्यांनी तो माझ्याकडे टंकायला दिला आणि टेबलाशी चष्मा पुसत उभे राहिले. मी कागद यंत्रावर चढवण्यापूर्वी सवयीने नावे मोजली. एकवीस. पुन्हा वरून खाली बोट फिरवले. एकवीसच. हजेरीपटावर आम्ही बावीस होतो.

कोणाचे नाव नाही, हे शोधायला वेळ लागला नाही. उरणची बस बेलापूरवरून येते, हे मला माहीत होते. बेलापूरची जागा झाली तर भाऊ एका बसने दारात उतरतील. वाशीची झाली तर पुढे गाडी, आणि मग ती अकरा मिनिटे. त्यांची मिनिटे त्या कागदावर असती तर कुणालाही ती दिसली असती आणि जयंतीभाईंना आवडलेली मोठी जागा घ्यायला तेवढे निमित्त पुरे झाले असते.

"काय राहिलं काय, बाई?" त्यांनी विचारले.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेतून आल्यावर शेजारून किल्ली मागून घेई आणि मी येईपर्यंत दार लावून एकटी बसे. कोपरखैरण्याहून वाशीला वीस मिनिटांत बस जाते. बेलापूरला जायचे तर दोन वाहने.

"नाही, भाऊ," मी म्हणाले. "काही राहिलं नाही."

"मग टाइप करा."

दुसऱ्या दिवशी जयंतीभाईंच्या खोलीत निर्णय झाला. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते, देसाईही होते.

"बेलापूर मोठं आहे, हवा आहे, पोर्टचा रस्ता समोर," जयंतीभाई म्हणाले. "उद्या दहा माणसं वाढली तर? तू वाशी कशाला म्हणतोस?"

"मानसांना वाशी जवळ, शेठ."

"सतरा मिनिटांत काय होतं रे?"

"एकवीस मानसं हायेत. जाताना नि येताना."

"आणि तुला?"

 माझे पेन्सिल धरलेले बोट कागदावर टेकून राहिले. हसुरामभाऊंनी देसाईंकडे पाहिले नाही, पण त्यांची मान त्या बाजूने ताठ झाल्यासारखी मला वाटली.

"माझं काय? मी हितलाच," ते म्हणाले. "माझं मी बघून घेईन."

आम्हा मुंबईच्या माणसांना खाडीपलीकडचे सगळे एकच गाव वाटे. मोरा काय, वाशी काय, बेलापूर काय, पूल ओलांडला की झाले. जयंतीभाईंनी मान डोलावली. देसाई म्हणाले, "बघा, हसूभाऊंनी आपल्यासाठी केलं हं." ते मनापासून म्हणाले. वाशीची जागा ठरली.

पुढच्या चार वर्षांतले हसुरामभाऊ मला आठवतात ते दुपारी तीनच्या सुमाराचे. खुर्चीत ताठ बसलेले, हातात पेन, पेनाचे टोक कागदावर, आणि डोळे मिटलेले. ते कधी पुढे कलंडले नाहीत. कुणी जवळून गेले की डोळे उघडत आणि वाक्य जिथे थांबले होते तिथून पुढे लिहू लागत. घरून ते साडेपाचला निघत. बंदराचे काम वाढत गेले तसे कंटेनरचे लांबलचक ट्रेलर उरणच्या रस्त्यावर रांगा लावू लागले. आमच्याच पेढीचा माल त्यांतल्या कितीतरी गाड्यांवर असे आणि भाऊ त्यांच्या मागे बसमध्ये अडकून पडत. एकदा ते दुपारी एक वाजता पोहोचले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"काय भाऊ, आज सुकती का?" देसाईंनी विचारले.

"नाय," ते म्हणाले. "गाड्यांचं उधान होतं."

सगळे हसले. त्यांनी हजेरीपट ओढला, शेऱ्याचा रकाना पाहिला, पेन थोडा वेळ वर धरले आणि काही न लिहिता पट मिटला. वाशीला आल्यापासून त्या रकान्यात त्यांनी काही लिहिले नव्हते. खिशातला भरतीचा कागद मात्र होता. तो कशाला लागतो, असे मी एकदा विचारले.

"आयसाठी. ती अजून धक्क्यावरच बसते," ते म्हणाले. "मी बसनं मागून येतो. काळोख झालेला असतो. भरती असली तर पायऱ्यांवर पानी येतं, म्हनून शेजारच्या पोरांना येळ सांगून ठेवावी लागते." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "मी पाठून हात लावला का ती इचारते, लाँच कवा लागली? मी सांगतो, आत्ताच."

म्हातारी त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली. ते तीन दिवस आले नाहीत, चौथ्या दिवशी सव्वानऊला नेहमीप्रमाणे हजर होते. त्या दिवसापासून खिशात कागद नव्हता.

वाशीची जागा तिसऱ्याच वर्षी अपुरी पडू लागली होती. माणसे तीसवर गेली, फायली पुन्हा जिन्यात आल्या, दुपारी पाणी जाई. हसुरामभाऊ निवृत्त झाले आणि सहा महिन्यांच्या आत जयंतीभाईंनी बेलापूरला जागा घेतली. इमारत तीच होती, पण मजला आता पाचवा. या वेळी कुणी यादी केली नाही. जयंतीभाई म्हणाले, मोठी आहे, झाले. मला आता दोन वाहने लागत. मुलगी मोठी झाली होती.

तिथे एकदा हसुरामभाऊ आले. निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करायची होती. आल्या आल्या त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. सरळ मागे गेले. आतून पाण्याचा आवाज आला, थोडा वेळ चालू राहिला आणि थांबला. रुमालाला हात पुसत ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. फार वाळले होते. सावंतने चहा आणला.

त्या चार वर्षांत जे बोलायचे राहिले होते ते मी त्या चहाच्या पेल्याकडे पाहत बोलले. "भाऊ, त्या यादीत एक नाव राहिलं होतं. मला दिसलं होतं."

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुमी दोनदा मोजलीत. म्हनून तर मी इचारलं, काय राहिलं काय."

मी टेबलावरचे कागद उगाच एकावर एक रचले.

"दुसऱ्या कोनी नाव घातलं असतं तर चाललं असतं," ते पुढे म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती; फार लांबून चालत आलेला माणूस बोलतो तसा तो आवाज होता. "आपलं आपन कसं घालायचं? देसाय काय बोलला असता?" मग त्यांनी पेला खाली ठेवला. "तुमची पोर लहान होती. तुमी बरोबर केलं. कशी हाय ती?"

"आठवीला आहे."

"हां," ते म्हणाले आणि उठले. "पानी चांगलं हाय हितं."

ते जिन्याने गेले. पाच मजले, मोजत गेले असतील. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने ते खाली दिसले. रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिले, थांबले, एक ट्रेलर जाऊ दिला आणि पलीकडच्या थांब्यावर पोहोचले. उरणची बस तिथे उभीच होती. ते चढले आणि खिडकीजवळच्या बाकावर बसले. वर पाहतील असे मला वाटले होते. त्यांनी पाहिले नाही. बस सुटण्यापूर्वीच त्यांची मान मागे टेकली आणि डोळे मिटले होते.

ते उठले तेव्हा मी नकळत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले होते. आता पुन्हा पाहिले. त्यांच्या पावलाने, जिना धरून, आमच्या दारापासून त्यांच्या बसपर्यंत सात मिनिटे लागली होती.